चटणीच्या घरची माती

अंगावर पाल पडली की आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेतली माणसं आधी ओरडतात, मग आंघोळ करतात आणि मग चन्नवीर स्वामींकडे जातात. स्वामी आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळाचे पुजारी. ते पंचांग उघडतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि विचारतात, उजवीकडे पडली की डावीकडे. डोक्यावर पडली तर काय, खांद्यावर पडली तर काय, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. पंचांग नुसतं समोरच्याच्या समाधानासाठी. फळ वाईट निघालं तर महादेवाला दिवा लावायला सांगतात, चांगलं निघालं तरी दिवाच लावायला सांगतात. अशा माणसाच्या घरात काचेच्या पेटीत पाल पाळलेली आहे, हे जेव्हा बाहेर कळलं तेव्हा पेठेची चांगली करमणूक झाली.

मी देवळासमोर राहते. महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर मुलांवर ओरडून निवृत्त झाले, म्हणून सगळे मला बाई म्हणतात, आणि मला राग लवकर येतो हेही सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पालीवरून सगळ्यात जास्त तोंडसुख मीच घेतलं होतं. स्वामी, दुसऱ्यांच्या पाली हाकलून हाकलून शेवटी एक घरात ठेवून घेतलीत होय, असं मी रोज म्हणायची. ते हसायचे. चिडणं त्यांना कधी जमलंच नाही, आणि माझ्या मते त्यांचं निम्मं नुकसान त्यानंच केलं.

पाल साधी नव्हती. परदेशी जातीची, जाड शेपटीची, भिंतीवर न चढता जमिनीवर चालणारी. पिवळ्या अंगावर तांबूस काळे ठिपके, थालीपिठावर शेंगाचटणी सांडावी तसे, म्हणून स्वामींच्या नातीनं, उर्वीनं, तिचं नावच चटणी ठेवलं. उर्वीच्या वाढदिवसाला तिच्या बापानं, मल्लेशनं, ती पुण्याहून आणली होती. तेव्हा मल्लेशचं आणि त्याच्या बायकोचं, प्रियंकाचं, पार बिनसलेलं होतं. घरात बायकोशी धड बोलायचं नाही, बापाशी बोलायचं नाही, आणि पोरीच्या हातात पाल आणून ठेवायची. काही बाप असेच असतात. पुढं मल्लेश पुण्यालाच राहिला, तिथं त्यानं दुसरा संसार मांडला. प्रियंकाला बंगळूरला नोकरी लागली, ती पोरीला घेऊन गेली. भाड्याच्या एका खोलीत पाल नेणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. तिची काही चूक होती असं मला वाटत नाही.

म्हणून चटणी मागं राहिली. स्वामींची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, देवळामागच्या दोन खोल्यांत ते एकटेच. जायच्या आदल्या दिवशी उर्वीनं अज्जाला, म्हणजे आजोबांना, समोर मांडी घालून बसवलं आणि सगळं शिकवलं. किडे चिमट्यानं द्यायचे. देण्याआधी पांढऱ्या कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचे. त्याच भुकटीचं एक टोपण पेटीच्या कोपऱ्यात ठेवायचं, चटणी ती आपणहून चाटते. पेटीखाली ऊब देणारी चटई लावायची. सोलापुरात पालीला हीटर, हे ऐकून मी कपाळाला हात लावला होता. आणि पेटीत खाली स्वयंपाकघरातला मऊ कागद अंथरायचा, घाण झाला की बदलायचा.

“खाली फक्त कागद, अज्जा. दुसरं काही नाही,” असं तिनं बजावलं होतं. मी तिथंच होते.

मग रविवारचे फोन सुरू झाले. संध्याकाळची आरती झाली की बंगळूरहून व्हिडिओ कॉल यायचा. आधी पोरगी, आईनं शिकवल्यासारखं, अज्जा जेवलात का, बरे आहात का, असं विचारून घ्यायची आणि मग म्हणायची, चटणी दाखवा. स्वामींनी फोन उचलल्या उचलल्याच उलटा करून काचेला लावलेला असायचा. कॅमेरा फिरवायचं एक बटण असतं ते मी त्यांना किती वेळा दाखवलं, पण फोन बंद पडेल या भीतीनं त्यांनी त्याला कधी बोट लावलं नाही. त्यामुळं व्हायचं असं की नातीचं तोंड पाल बघायची आणि आजोबा फोनची पाठ बघत बसायचे.

पण आवाज यायचा. चटणी चालायला लागली की उर्वी तिच्याशी बोलत सुटायची. नव्या शाळेत सगळे कन्नड कसं भराभर बोलतात, डब्यातली चटणी कुणी संपवली, मैत्रीण कशी रुसली, सगळं. स्वामी फोन धरून उभे राहायचे, हात दुखला तरी खाली घ्यायचे नाहीत. एखाद्या रविवारी चटणी बाहेर आलीच नाही तर पोरगी थोडा वेळ वाट बघायची आणि, बरं अज्जा, ठेवते, म्हणायची. हे स्वामींच्या लवकरच लक्षात आलं. मला एकदा सरळच म्हणाले की बाई, ती माझ्याशी बोलत नाही, चटणीशी बोलते. चटणी हाय तोवर मला ऐकायला मिळतंय. त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं.

दिवाळीनंतरच्या एका फोनवर उर्वीनं नवीनच काढलं. तिनं कुठंतरी बघितलं होतं की असल्या पालींना खऱ्या मातीचं घर करतात. खाली जिवंत माती, तिच्यात एखादं झाड, आणि मातीत बारीक किडे सोडायचे. ते पालीची घाण खातात, मातीची माती राहते, कागद बदलावा लागत नाही. त्याला बायोॲक्टिव्ह म्हणतात. मोठी झाले की मी चटणीला तसं घर करणार, असं ती म्हणाली आणि दुसऱ्या विषयावर गेली. स्वामी मात्र तिथंच थांबले. फोन ठेवल्यावर त्यांनी मला तो शब्द पुन्हा विचारला. ती मोठी होईपर्यंत कशाला थांबायचं, आपणच करून तिला दाखवू, असा त्यांनी त्याच संध्याकाळी बेत केला. इतकं खूश झालेलं त्यांना मी पुष्कळ वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग माती शोधायला लागले. मुलीला स्थळं बघतात तशी त्यांनी माती बघितली. अक्कलकोट रस्त्याला त्यांच्या ओळखीच्या कल्लप्पांचं शेत आहे, तिथनं आधी काळी माती आणली. ती भिजवून परातीत घातली आणि माझ्या गच्चीवर ठेवली. ओली होती तेव्हा पायाला सोडेना, वाळली तेव्हा तिला अशा भेगा पडल्या की बोट आत जाईल. हिच्यात चटणीचा पाय अडकंल की, म्हणून ती नापास झाली. मग नर्सरीतली लाल माती बघितली. दिसायला देखणी. स्वामींनी विचारलं, हिच्यात औषध घातलंय का? नर्सरीवाला अभिमानानं म्हणाला, घातलंय तर, उगाच हुमणीची अळी लागत नाही होय. स्वामी भरलेली पिशवी तिथंच ठेवून परत आले. एवढी काळजी घेणारा माणूस होता तो, हे मला मुद्दाम सांगायचंय.

सात रस्ता चौकाजवळ आसिफचं दुकान आहे, मासे, लव्हबर्ड, कुत्र्यांची बिस्किटं विकतो. चटणीचे किडे त्याच्याकडंच पार्सलनं यायचे. स्वामींनी त्याला विचारलं, नदीची वाळू चालेल का. तो म्हणाला, वाळू नको, किड्याबरोबर पोटात जाते आणि पोटातच बसते. त्यानं कोकोपीटची वीट दिली, नारळाच्या शेंड्यांचा भुसा असतो तो, आणि त्यात थोडी साधी माती मिसळा, खत नको, असं सांगितलं. असली पाल मी पण आजवर दोघातिघांनाच विकलीय, मलाही सगळं कळतं असं नाही, हेही तो म्हणाला. स्वामींनी घरी येऊन ती वीट भिजवली, हातात घेतली, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. ह्याला वास न्हाय, चव न्हाय, ह्याच्यात काय जीव असणार, असं त्यांचं मत पडलं.

आणि मग त्यांना देवळामागची टाकी आठवली. ती टाकी म्हणजे स्वामींचा आयुष्यभराचा अभिमान. देवाच्या अंगावरून उतरलेली कुठलीच वस्तू ते कचऱ्यात टाकू देत नाहीत. बेल, शेवंती, धोत्र्याची फुलं, रुईच्या माळा, अक्षता, आणि या सगळ्याला लागलेली विभूती, सगळं त्या टाकीत जातं. वर्षभरात त्याची काळीभोर, हलकी माती होते. पेठेतल्या निम्म्या तुळशी तिच्यावर वाढल्यात, माझीसुद्धा. त्या मातीत पांढरे कण दिसतात. ते विभूतीच्या गोळ्यांचे तुकडे. लोक गोळ्याच्या गोळ्या वाहतात, त्या कुजत नाहीत. स्वामींनी टाकीजवळचा दगड उचलला तर खाली करडे किडे वळवळत होते, हात लावला की गोळी होणारे. उर्वीनं सांगितलेले ते हेच. किडे जगतात म्हणजे माती जित्ती हाय, आणि महादेवाच्या अंगावरनं आलेल्या मातीपेक्षा चांगली माती कुठनं आणायची, असं त्यांनी मला विचारलं. त्यांच्या जागी कुणीही जंगम, म्हणजे लिंगायतांचा पुजारी, असता तर त्यानंही हाच विचार केला असता.

तरीसुद्धा ते आसिफला विचारायला गेले. मला सात रस्त्यालाच पंखा दुरुस्तीला द्यायचा होता, म्हणून मी बरोबर होते. स्वामींनी कागदाची पुडी उघडली. आसिफनं माती बोटांत चोळली. पांढऱ्या कणांवर बोट ठेवून विचारलं, हे काय? स्वामी म्हणाले, विभूती, देवाच्या अंगावरची. आसिफनं हात पँटला पुसला नाही. बोटाला लागलेली माती पुडीतच झाडली आणि पुडी दोन्ही हातांनी नीट बंद करून परत दिली.

“देवाच्या चीजेला मी काय बोलणार, स्वामी,” तो म्हणाला.

स्वामींना तो होकार वाटला. येताना रिक्षात ते पुडी मांडीवर धरून बसले होते.

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा संपली त्या सुमारास घर तयार झालं. माती चाळून पेटीत घातली. माझ्या गच्चीवरच्या मनीप्लांटची एक फांदी लावली. चटणीला दडायला देवापुढं फोडलेल्या नारळाची अर्धी करवंटी पालथी घातली, तिला दार कोरलं. करडे किडे सोडले. रविवारी स्वामींनी काही न बोलता फोन उलटा करून काचेला लावला. पलीकडं उर्वी अशी ओरडली की मी माझ्या घरातून ऐकलं आणि तिकडं गेले. तिनं आईला बोलावलं, शेजारच्या मैत्रिणीला बोलावलं. झाड दाखवा, किडे दाखवा, करवंटीत काय आहे ते दाखवा. आरतीला आलेली माणसं घरी जाऊन जेवली असतील तरी यांचा फोन चाललाच होता. अज्जा, माझ्या वर्गात कुणाच्याच आजोबांनी असं काही केलेलं नाही, असं ती म्हणाली. स्वामी फोनच्या पाठीकडं बघून डोळे पुसत होते.

त्यानंतर काही रविवार फार सुखाचे गेले. चटणी मातीत रमलीय असं सगळ्यांनाच वाटत होतं. ती खड्डा करायची, करवंटीतून डोकं बाहेर काढायची आणि माती चाटायची. लहानपणापासून तिला टोपणातली पांढरी भुकटी चाटायची सवय. मातीतले पांढरे कण दिसले की ती तिथं जीभ लावायची. स्वामी मला बोलावून दाखवायचे. बघा बाई, परसाद खातीय. आम्ही दोघं कौतुकानं बघायचो.

मग तिनं किडे खायचं कमी केलं. चिमटा पुढं केला की तोंड फिरवायची. पोट फुगलं, जाड शेपूट बारीक व्हायला लागली. घाणही दिसेना. स्वामींना वाटलं, किडे लगेच साफ करत असतील, म्हणून दिसत नाही. करवंटीतून बाहेर यायची बंद झाली तेव्हा मात्र ते घाबरले, आणि तिला चपलांच्या खोक्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गाई, म्हशी, कुत्री बघतो, पालीला मी कधी औषध दिलं नाही. पण माणूस चांगला होता. त्यांनी पुण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरला फोन केला. मग तिला हातावर उताणी घेऊन पोटावर बॅटरी मारली. पोटात चुन्यासारखं काहीतरी घट्ट बसलेलं दिसत होतं. त्यांनी विचारलं, पेटीत खाली काय घातलंय? स्वामींनी सांगितलं. कोमट पाण्यात बसवा आणि एरंडेलाचा थेंब द्या, एवढंच डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन स्वामींनी आधी पेटीत पुन्हा कागद अंथरला. माती तशीच घमेल्यात काढून ठेवली. ज्या वाटीनं महादेवाला अभिषेक करायचे तसल्याच वाटीत कोमट पाणी घेऊन ते चटणीला त्यात धरून बसायचे. अंगठ्यानं पोट हळूहळू चोळायचे. देवळात लोक घंटा वाजवून ताटकळायचे. मी एकदोघांना, स्वामी कामात आहेत, नारळ स्वतः फोडा, असं दरडावलं. पण जे आत दगड झालं होतं ते हललं नाही. होळीच्या आसपास एका सकाळी ती करवंटीत तशीच पडलेली होती. डोळे उघडे होते. पालीसाठी मी रडेन असं मला कुणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

स्वामींनी बेलाच्या झाडाखाली खड्डा घेतला. त्यांच्यात माणसाला पुरतात, आणि पुरताना विभूती लावायची ती जंगमानं. आमच्या पेठेतल्या कितीतरी माणसांना त्यांनी ती शेवटची विभूती लावलेली आहे. सवयीनं त्यांनी कमरेची डबी काढली, चिमूट उचलली, हात खड्ड्यावर नेला आणि तिथंच थांबले. ती चिमूट त्यांनी परत डबीत टाकली. नुसत्या हातानं माती लोटली.

आसिफ दोन दिवसांनी माझ्या दारात आला. स्वामींकडं जायचं त्याला धाडस होत नव्हतं. त्या पांढऱ्या कणांची मला तेव्हाच शंका आली होती बाई, असं म्हणाला.

“मी बोललो असतो तर? मुसलमानानं महादेवाच्या निर्माल्याला खराब म्हटलं, असं झालं असतं. स्वामी काही बोलले नसते. पण दुकानात दुसरी माणसं होती ना.”

मला संताप आला, पण तो कुणावर काढायचा तेच कळेना. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचं खरं उत्तर मला ठाऊक होतं. मी त्याला चहा दिला आणि तो गेला.

त्या रविवारी फोन आला तेव्हा स्वामींनी माती पुन्हा पेटीत घातलेली होती. झाड, किडे, करवंटी, सगळं जिथल्या तिथं. त्यांनी फोन काचेला लावला आणि सांगितलं, आत झोपलीय. उर्वीनं वाट बघितली, शाळेतलं थोडंफार सांगितलं, उठवू नका म्हणाली आणि ठेवला. पुढच्या रविवारी पुन्हा आत झोपलीय. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. दर वेळी फोन आखूड होत गेला. मी स्वामींना फैलावर घेतलं. पूजा करता, कपाळाला विभूती लावता आणि पोरीशी धडधडीत खोटं बोलता? ते म्हणाले, जितके दिवस निघतील तितके काढतो बाई.

मग एका रविवारी फोनवर उर्वी नाही, प्रियंका बोलली. फार दिवसांनी सासऱ्यांशी ती स्वतःहून बोलत होती. आता मोठं घर घेतलंय, गॅलरी आहे, उर्वीनं इतका हट्ट धरलाय की मीही हो म्हटलंय. मेच्या सुट्टीत आम्ही दोघी सोलापूरला येतो, एक दिवस राहतो आणि चटणीला पेटीसकट घेऊन जातो. मामा, तुम्ही उर्वीसाठी जे केलंत ते मी बघितलंय, असंही म्हणाली. स्वामी, व्हय, व्हय, एवढंच म्हणत राहिले.

मी आत गेले तेव्हा ते पेटीसमोर बसलेले होते. मी विचार केला आणि मला जे वाटलं ते सरळ सांगितलं. म्हटलं, स्वामी, काही सांगू नका. येऊ दे पोरीला. आल्यावर कळेल तेव्हा कळेल. रडेल, ओरडेल, पण तुमच्या समोर असेल. एकदा डोळे भरून बघून घ्या. इतकी वर्षं मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारलेली बाई मी, पण हे बोलताना मला जराही लाज वाटली नाही.

स्वामींनी नकारार्थी मान हलवली.

“ती पेटी न्यायला येणार, बाई,” ते म्हणाले. “मला बघायला न्हाय. रिकाम्या पेटीसाठी तिला एवढ्या लांबनं बोलवू? रडायचंच हाय तर तितं रडू दे, आईजवळ.”

आणि पुढच्या रविवारी त्यांनी सांगितलं. मला शेजारी बसायला लावलं होतं. फोन आला. या वेळी काचेला लावण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी तो स्वतःकडं तोंड करून धरला. असं ते पहिल्यांदाच करत होते. पडद्यावर उर्वी दिसली. केस कापलेले, गालाचं लहानपण गेलेलं, कपाळ हुबेहूब स्वामींचं. ती चटणी दाखवा म्हणाली तरी स्वामी नुसते बघत राहिले. मला वाटतं, बोलायला सुरुवात केली की हे दिसणं संपणार, हे त्यांना कळत होतं.

“उर्वी, चटणी न्हाय आता,” ते शेवटी म्हणाले. “होळीच्या टायमाला गेली. म्या घातलेल्या मातीनं गेली.”

ती म्हणाली, मी कागदच ठेवा म्हटलं होतं ना, अज्जा. रागानं नाही म्हणाली. परीक्षेत सोपं गणित चुकलेल्या मुलाला बाईंनी म्हणावं तसं म्हणाली. स्वामींनी मान हलवली. मग तिनं तोंड वळवलं, आईकडं बघितलं. फोन चालूच होता.

“मम्मी, मग आपण सोलापूरला जायचं कशाला?”

प्रियंका चटकन काहीतरी बोलायला गेली, पण तिला शब्द सापडेनात. पोरीनं वाईट वाटावं म्हणून विचारलेलं नव्हतं. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. शेवटी स्वामींनीच त्या दोघींना सोडवलं.

“बरोबर हाय तिचं,” ते म्हणाले. “मे महिन्यात ऊन लई असतंय हितं. नका येऊ.”

त्या आल्या नाहीत. मे गेला. फोन आधी एक रविवार सोडून आला, मग सणावाराला आला. प्रियंका बोलते, सगळं ठीक ना विचारते, उर्वी क्लासला गेलीय म्हणते. मी स्वामींना सांगितलं, पेटी देऊन टाका आसिफला. त्यांनी दिली नाही. त्या मातीला काही झालेलं नाही. मनीप्लांट पेटीच्या बाहेर पडायला आलाय, करड्या किड्यांची पिल्लं झालीत, करवंटीला बारीक हिरवं शेवाळ धरलंय. अंगावर पाल पडलेली माणसं अजून येतात, आणि स्वामी त्यांना अजून फळ सांगतात, फक्त त्याआधी ती पाल कुठं गेली, कुणी मारली तर नाही ना, एवढं विचारून घेतात.

रविवारी आरती झाली की ते पेटीत पाणी शिंपडतात. मग फोन पेटीला टेकवून उभा करतात, पडदा आपल्याकडं करून, आणि समोर बसतात. मी जाते कधी कधी. परवा मी विचारलं, आता फोन असा कशाला ठेवता? ते म्हणाले, आलाच तर तिचं तोंड दिसंल की. मी शेजारी बसून राहिले.